तोंड नसलेला नळीकृमी खातो काय?

प्रश्न: १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावरच्या उष्णझऱ्यांपाशी सापडलेल्या रिफ्टिया या नळीकृमीला तोंड नाही, आतडंही नाही. सुमारे २५०० मीटर खोल अंधारात ऊर्जा येते कुठून?

— ट्रोफोसोम या अवयवातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करतात आणि त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. कृमी त्यावरच पोसतो.

— पण सल्फाइड तर विषारी ना?

— आहेच, पेशींचं श्वसन रोखतं. रिफ्टियाचं हिमोग्लोबिन मात्र सल्फाइड आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या जागी बांधून नेतं, म्हणून वाटेत दोघांची गाठ पडत नाही. नळीबाहेर डोकावणारा त्याचा पिसाऱ्यासारखा भाग लालभडक दिसतो तो या हिमोग्लोबिनमुळेच.

— म्हणजे हे सगळं सूर्याशिवाय चालतं?

— ‘सूर्याशिवाय’ म्हणताना जपून. सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मात्र ऑक्सिजन लागतच नाही.