मालिका बघताना तुमच्या घरात काय घडलं?

मालिका बाईला मागे नेतात की पुढे, यावर भांडून झालंय. म्हणून या धाग्यावर मत नको, प्रसंग लिहा. सुरुवात मी करते.

१९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागायची. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवते, दोन मुली, नवऱ्याचं बाहेर प्रकरण. आजीला सुधाच्या सोसण्याचं भारी कौतुक. "बघा, कसा संसार निभावतेय!" आई शिक्षिका. पेपर तपासत एका डोळ्याने बघायची. एकदा मान वर न करता म्हणाली, "निभावतेय, कारण एक तारखेला पगार होतो." आजीने टीव्हीचा आवाज वाढवला.

आता तुम्ही.

कोथरूडचा भाचा

२०१९ ला 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली तेव्हा आमचं अख्खं घर टीव्हीपुढे. सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावते, आणि विरोध करतो तो पोटचा मुलगा, बबड्या. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या लग्नाच्या भागाला माझ्या काकूंनी डोळे पुसले होते. त्याच वर्षी आत्यासाठी कुणीतरी स्थळ सुचवलं. आत्या ५४ वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. माणूस निवृत्त, सरळमार्गी. काकू म्हणाल्या, "हे मालिकेत ठीक. उद्या सोसायटीत कोण उत्तरं देणार?" आत्या हसली आणि विषय संपला. मीही गप्पच बसलो होतो, हे लिहायला हवं. बबड्यावर मात्र घरात सगळ्यात जास्त जोक मीच मारायचो.

नागपूरची बँकवाली

'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका आमच्या नागपूरची, त्यामुळे कॉलनीभर तिचीच बाजू. साधी बाई पुढे मसाल्यांच्या धंद्यातून मोठी होते, ते मलाही आवडलं होतं. लोच्या शनायाचा, म्हणजे राधिकाच्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या मैत्रिणीचा. माझे केस मोकळे, ऑफिसात ट्राउझर्स, येता-जाता फोनवर इंग्रजी. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माझं नाव शनाया ठेवलं ते चार वर्षं टिकलं. मी कुणाचा नवरा पळवला नव्हता हो. माझाच वेळेवर घरी आला तरी मिळवली. मालिकेत बाईचं चारित्र्य कपड्यांवरून कळतं, पुरुषाचं मात्र शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. गुरुनाथचे शर्ट कधीच वाईट नव्हते.

सावळी

'रंग माझा वेगळा' लागायची तेव्हा मावशी कौतुकाने म्हणाली, "बघ, तुझ्यासारखी हिरोईन!" मी बघितलं. नटी गोरी, तिला मेकअपने काळी केलेली. आमच्यावरच्या मालिकेतही काम आम्हाला नाही. मावशीला सांगितलं तर म्हणे, "पण विषय चांगला आहे ना?"

पडद्यामागची

मी काही वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. चॅनेल सांगत नाही, मालिका तर नाहीच. वाचणाऱ्यांना वाटतं, आम्ही मुद्दाम बाईला रडवतो. प्रत्यक्षात दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचे आकडे येतात, आणि ज्या ट्रॅकला बाई रडली त्याचे वर गेलेले असतात. एकदा मी नायिकेला घर सोडायला लावलं. छान सीन होता. बॅग भरते, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ कुणालाही सांगत नाही, निघते. तो गोळ्यांचा मुद्दा मला फार आवडला होता. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "गोळ्यांचं सांगायला काय जातं? प्रेक्षक तिच्यावर चिडतील." मग ती दारातून परत फिरली, गोळ्यांची डबी दाखवली, तुळशीला नमस्कार केला आणि मग गेली. तीन आठवड्यांनी परत आणली. का? कारण सेट त्या घराचा होता. दुसऱ्या घराचा सेट लावायचा म्हणजे खर्च! बायकांच्या स्वातंत्र्याच्या आड पितृसत्ता येते असं म्हणतात. आमच्याकडे बरेचदा प्लायवूड आलं.

तरी एक कबूल करते. 'आई कुठे काय करते'तली अरुंधती घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करते. ही गोष्ट मूळ बंगाली 'श्रीमोयी'ची. ती आपल्याकडे घराघरांत चालली, त्यानंतर मीटिंगमध्ये 'घटस्फोट' म्हटल्यावर लोक निदान खुर्चीत सरळ बसू लागले.

धागा काढणारी

गोळ्यांची डबी! आमच्याकडे बाबांच्या गोळ्यांच्या वेळा अजूनही आईच्याच मोबाइलवर वाजतात. पुढे लिहा.

पुणे सोडून बंगळूर

उलट अनुभव. 'कारभारी लयभारी'त गंगा ही तृतीयपंथी कलाकार तृतीयपंथी भूमिकेत होती. आजोबा तिचे प्रवेश आले की चॅनेल बदलायचे. पुढे पुढे बदलेनासे झाले. काही बोलले नाहीत, रिमोट बाजूला ठेवला इतकंच. बाकीची मालिका टुकार वाटली मला.

साडेसात

आमच्याकडे 'आई कुठे काय करते'च्या आशयाने कुणाचं काही बिघडलं-सुधारलं नाही. वेळेने सुधारलं. मालिका साडेसातला. आई साडेसात ते आठ उठायचीच नाही. पहिले काही दिवस बाबा जाहिरातीची वाट बघत पाण्याचा ग्लास मागायचे. मग स्वतः घेऊ लागले. मग एकदा आईने टीव्हीवरची नजर न हलवता सांगितलं, "डाळ-तांदूळ धुऊन ठेवलेत, कुकर लावा. तीन शिट्ट्या." लागला कुकर. दोन-तीन वर्षं रोज लागत होता. शिट्टी झाली की बाबा मोठ्याने मोजायचे, त्यामुळे अरुंधतीचे निम्मे संवाद आम्हाला ऐकूच आले नाहीत. बाबांना अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध अजिबात आवडायचा नाही, पण स्वयंपाकघरातून ओरडून त्याचीच बाजू घ्यायचे.

२०२४ मध्ये मालिका दुपारी अडीचला गेली. संध्याकाळी बाबा आपले निवांत पेपर घेऊन बसले. आईने चार दिवस वाट पाहिली आणि साडेसातची दुसरी मालिका धरली. कुठली, ते विचारलं तर तिला नावही नीट सांगता येत नाही.