मदत हवी आहे : 'करंजा'ने गेलेले पणजोबा

नमस्कार मंडळी. पंचवटीतला जुना वाडा उतरवताना पणजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत 1938 सालचं एक मोडी पत्र, त्यात "करंजाने निघतो". घरात सगळे समजत होते की ते उरणजवळच्या करंजाला गेले. आजी तर कारंजा लाडच धरून बसली होती! पण करंजा हे बोटीचं नाव निघालं. ब्रिटिश इंडिया कंपनीची, 1931 ची, मुंबई ते मोंबासा, पुढे डर्बनपर्यंत माणसं आणि माल नेणारी. 1942 च्या नोव्हेंबरात अल्जीरियात बाँबहल्ल्यात ती बुडाली. पणजोबा तोवर परतले होते, नाहीतर मी हे लिहायला नसतो.

ते डेकचे प्रवासी असावेत, कारण ट्रंकेत वळकटीचा पट्टा आहे, केबिनवाल्याला तो कशाला? डेकवर अंथरूण आपलं आपणच न्यायचं.

विचारायचं असं : डेकवाल्यांची नावनिशी कुठे मिळते? मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात कुणी अशी कागदपत्रं पाहिली आहेत का? आणि नाशकात मोडी नीट वाचणारं कुणी असेल तर कृपया सांगा. शेवटच्या चार ओळी काही केल्या लागत नाहीत.