ट्रॅकचे ब्रेक पॅड घरूनच टाकून जाऊ का?

वर्धारोडवाला: भाऊ लोक, कोइंबतूरला कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे आहे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायची, गाडी नागपूरहून चालवतच नेऊन राहिलो, तर ट्रॅकचे पॅड इथूनच टाकू का?

गरमडिस्क: नको बे. ते पॅड तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, सकाळी पहिल्याच सिग्नलला पोटात गोळा येईल, वरून किंचाळतात अन थंड असताना डिस्क खातात ते वेगळं. तिथं जाऊन बदल.

संत्रीबर्फी: ब्रेक ऑइल नवं भर आधी. जुन्यात ओलावा शिरलेला असतो, उकळलं की पेडल सरळ खाली. माझं झालंय एकदा, देव आठवला.

वर्धारोडवाला: डिस्क तीच चालते ना?

गरमडिस्क: चालते, पण पॅड बदलले की परत बेडिंग कर, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घे, ८-१० वेळा जोरात स्पीड कमी करायची, पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर डिस्कवर पॅडचा डाग बसतो अन स्टिअरिंग थरथरते.