सळईवरचा खिमा

घरी सीख कबाब केले की खिमा सळईवरून गळून पडतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या बेळगावात कॅम्पात, म्हणजे छावणी भागात, कबाबच्या गाड्यासमोर उभं राहून जे बघितलंय, ते सांगतो. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. खिमा धुतला तर तासभर चाळणीत निथळू द्या, आणि किसलेला कांदा पिळूनच घाला. सळई चपटी हवी, गोल सळईवर मांस फिरतं. खिमा थंड असावा, हात ओला करून दाबत दाबत लावायचा. कच्ची पपई चमचाभरच. तिच्यातला पापेन नावाचा घटक मांसाचे तंतू तोडतो, रात्रभर ठेवलं तर लगदाच होतो. आणि चरबी काढून टाकू नका हो! ती निखाऱ्यावर ठिबकते, त्याचा धूर वर येतो, खरी चव तीच. गॅसवर ती येत नाही.

बाकी चवीचं म्हणाल तर निम्मी हवेची. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, त्यामुळे पावसाळ्यात संध्याकाळी चांगलाच गारठा असतो. आम्ही चौघं शाळेपासूनचे, एक शहापूरचा, एक खानापूरहून येणारा. रिपरिप पावसात शेगडीच्या उबेला उभं राहायचं, गाडीवाल्याशी कन्नड-उर्दू-मराठी मिसळून बोलायचं, लिंबू पिळलेला गरम तुकडा एकाच ताटलीतून खायचा. खानापूरवाल्याची शेवटची बस चुकली की तो माझ्याकडेच राहतो. आई न विचारता गादी घालते.

पुढच्या वेळी खिमा निथळून बघा, आणि कसं झालं ते कळवा.