शरदातल्या सुट्टीत चिमुरड्यांना घेऊन लांब जावं का?

पानवेडी

पानांना रंग चढायला लागले की घराघरांत एकच बेत शिजतो. शनिवारी पहाटे निघायचं, तीन-साडेतीन तास गाडी हाणायची, रंग बघायचे, फोटो काढायचे आणि रात्री परत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा बेत सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात बसा असं मी म्हणत नाहीये. उलट या दिवसांत दर सुट्टीला बाहेर पडाच. फक्त जवळ जा, अर्ध्या दिवसासाठी जा, आणि शक्यतो त्याच त्याच जागी जा.

दूरवर पसरलेला रंगीत डोंगर हा मोठ्यांचा आनंद आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला कठड्याशी उभं करून "ते बघ, केवढं छान!" म्हटलं तर ते आपल्या बोटाकडे बघतं. नाहीतर बुटाला चिकटलेल्या ओल्या पानाकडे. त्याचं जग हातभर अंतरात असतं, आणि शरद ऋतू त्या हातभर अंतरात गच्च भरलेला असतो.

एक साधी गोष्ट करून बघा. गळलेलं पान उचलून मुलाला त्याच्या देठाचं टोक दाखवा. फाडलेल्या पानाचं टोक ओबडधोबड असतं, याचं मात्र गुळगुळीत. कारण दिवस लहान होऊ लागले की झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर तयार करतं आणि पान तिथून सुटतं. मग खालची एखादी फांदी वाकवा. पान जिथून सुटलं तिथे वण दिसेल, वणावर बारीक ठिपके दिसतील. पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्या तिथे होत्या. आणि वणाच्या अगदी वर पुढच्या हंगामाचा डोळा आत्ताच येऊन बसलेला असतो. हे पाहायला गाडी लागत नाही, पण वेळ लागतो. लांब गेलं की तोच हातात राहत नाही.

दुसरं कारण बांधून बसण्याचं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यांना एका वेळी एक तासाहून जास्त बांधून ठेवू नये, असं त्यात आहे. जाऊन-येऊन सहा-सात तास पट्ट्यात अडकलेल्या मुलाचा तो दिवस कसा जातो, याचा विचार निघण्याआधीच व्हायला हवा.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

चाकावरचा बाबा

माझं मत पूर्ण वेगळं आहे.

आधी त्या सूचनेबद्दल. तिथे उदाहरणं दिली आहेत ती बाबागाडी, उंच खुर्ची, पाठीला बांधणं अशी. रोजच्या दिवसात मूल उगाच जखडून ठेवू नका, हा तिचा रोख आहे. गाडीतली मुलांची सीट जीव वाचवण्यासाठी असते. दर तासाला थांबा, मुलाला उतरवा, पळू द्या, आणि पुढे चला. तीन तासांचा प्रवास चार तासांचा होईल, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. आम्ही दोघं नोकरी करतो. आठवडाभर आमच्यातलं एक जण मुलीला सोडतं, दुसरं आणतं, आणि रात्री ती झोपल्यावर आमचं बोलणं होतं तेही किराणा आणि बिलांचं. घराजवळ फिरायला गेलो तर दोन तासांत परत येतो आणि कपडे धुवायला लागतो. गाडीत बसून शंभर-दोनशे किलोमीटर गेलं की घर खरोखर मागे राहतं. तिघं एका डब्यात, कुणाला काही काम नाही. गाणी म्हणतो, खिडकीतून दिसेल ते मोजतो. मुलीला ते डोंगर आठवणार नाहीत, मान्य. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी कुणालाच फारसं आठवत नाही. पण त्या हिशेबाने तुमचं देठाचं टोकही आठवणार नाही. आठवण राहणार की नाही यावर सहल तोलायचीच कशाला?

बालवाडीताई

मी लहान मुलांच्या वर्गावर असते, म्हणून सोमवारची बाजू सांगते. मोठी सहल करून आलेली मुलं सोमवारी ओळखू येतात. दप्तर ठेवतानाच रडू फुटतं, शेजाऱ्याचा धक्का लागला तरी चालत नाही, जेवणाच्या वेळी डोळे मिटायला लागतात. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दुपारची डुलकी धरून. रात्री दहाला घरी पोचलेल्या, गाडीतून उचलून अंथरुणात ठेवलेल्या मुलाची ती भरत नाही.

शरदात आणखी एक भर पडते. ज्या देशांमध्ये घड्याळं मागे-पुढे करतात, तिथे याच ऋतूत एका रविवारी घड्याळ तासभर मागे जातं. मोठी माणसं त्या दिवशी तासभर जास्त झोपतात, पण दीड वर्षाचं मूल आपल्या जुन्याच वेळेला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी तासभर आधी पेंगतं. निदान त्या आठवड्यात तरी लांबचे बेत नकोत, अशी पालकांना मनापासून विनंती.

डोंगरदऱ्या

पानवेडी, देठाचं तुमचं निरीक्षण आवडलं, पण निष्कर्ष पटला नाही. जवळची बाग आणि डोंगरावरचं जंगल यांत फरकच नाही असं गृहीत धरून तुम्ही लिहिलंय. फरक मोठा आहे.

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्य मोडलं की खालचा पिवळा वर दिसतो, म्हणून तो सगळीकडे मिळतो. लाल रंगाचं तसं नाही. तो बऱ्याच झाडांत शरदातच नव्याने तयार होतो, आणि त्याला लखलखीत ऊन असलेले दिवस आणि गार (पण गोठवणाऱ्या नव्हे) रात्री लागतात. वर डोंगरात रात्री लवकर गार होतात. खाली वस्तीत झाडांच्या जाती वेगळ्या, हवा कोंदट, आणि रस्त्याच्या दिव्याखालची झाडं तर पानं उशिरापर्यंत धरून ठेवतात, कारण दिवस लहान झाल्याचं त्यांना नीट कळतच नाही. म्हणजे शहरातल्या मुलाला तुम्ही अर्धाच शरद दाखवताय.

आणि मूल दूरचं बघत नाही, हेही मला मान्य नाही. ते बोट दाखवून "बघ" म्हटल्यावर बघत नाही. पाठीवरच्या झोळीत बसवून जंगलातून तासभर चाला आणि गप्प राहा. आवाज बदलतो, वास बदलतो, उजेड बदलतो. माझा मुलगा अशा वेळी मान वर करून टक लावून झाडांचे शेंडे बघत राहायचा, तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. ते त्याला कुठल्याही बागेत मिळालं नसतं.

पानवेडी

@डोंगरदऱ्या, लाल रंगाचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. झोळीबद्दल मात्र आहे. झोळीत किंवा बाबागाडीत बसलेलं मूल हलत नाही. चालणारा बाबा घामाघूम होऊन स्वेटर काढतो आणि त्याच वेळी मुलाचे पाय गार पडलेले असतात. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता झपाट्याने जाते. हातापायांवरून नेहमीच अंदाज येत नाही, मानेखाली पाठीला हात लावून बघावं लागतं. घराजवळ असाल तर मूल गारठलं की दहा मिनिटांत घरी पोचता. जंगलात तासभर आत गेल्यावर काय करणार?

@चाकावरचा बाबा, आठवणीबद्दल आपलं एकमत आहे, मीही आठवणीसाठी म्हणत नव्हतेच. मी म्हणते ते त्याच दिवसाबद्दल. तो दिवस मुलाचा कसा गेला? आणि त्याच जागी परत जाण्याचं मोल तुम्ही लक्षात घेतलं नाहीत. शरदसंपाताच्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस सर्वांत वेगाने लहान होतो. ५० अक्षांशाजवळ रोज जवळपास चार मिनिटांनी. म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. त्याच झाडाखाली त्याच वेळी पुढच्या रविवारी गेलात तर सावली हललेली असते, फांद्यांमधून जास्त आकाश दिसतं. हे मुलाला कळतं. "पानं कुठे गेली?" हा प्रश्न त्याच झाडाकडे परत गेल्याशिवाय पडतच नाही.

चाकावरचा बाबा

दिवस कसा गेला? चांगला गेला. फक्त नीट आखावा लागतो. आम्ही निघतो तेच मुलीच्या झोपेच्या वेळी, त्यामुळे पहिला टप्पा ती झोपेत काढते. वाचणाऱ्यांपैकी जे लांब जाणारच आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो, वादात राहून जायला नकोत.

एक म्हणजे जाड फुगीर जॅकेट घालून मुलाला सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा अंगासरशी आवळा, मग वरून पांघरूण घाला किंवा तेच जॅकेट उलटं पांघरा. हे या ऋतूत फार जण विसरतात. दुसरं, दोन वर्षांच्या पुढे मुलांना गाडी लागायला सुरुवात होते. कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ दिसते, दोन्हींचा मेळ बसत नाही. घाटाच्या रस्त्यावर हातात पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका, बाहेर लांबवर बघायला लावा.

नातवंडांची आजी

तुम्ही सगळे आईबाप आणि मुलं एवढंच बघताय. सहलीला आजी-आजोबाही असतात. मला विचाराल तर जवळ की लांब यापेक्षा तिथे बसायला कोरडी जागा आहे का आणि स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, ही दोन उत्तरं आधी द्या. नुकतीच लंगोट सुटलेली नात आणि सांधे धरलेली आजी, दोघींची गरज एकच असते. जंगलात झोळी घेऊन जाणाऱ्यांचं कौतुक आहे, पण त्यात माझा नंबर लागत नाही, आणि माझी नात माझ्याबरोबर पानं गोळा करण्याचा दिवस गमावते.

बालवाडीताई

आजींशी शंभर टक्के सहमत.

पानं गोळा करण्यावरून आठवलं. जवळ जा किंवा लांब, शरदात जमिनीवर रानटी अळंब्या फार उगवतात. मुलाने हात लावला म्हणून विषबाधा होत नाही, घाबरू नका. पण तोंडात घालू देऊ नका. काही अत्यंत विषारी जातींची लक्षणं सहा तास उलटल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात, तोवर यकृतावर घाला पडू लागलेला असतो. मुलाने चावा घेतल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा आणि उरलेला तुकडा बरोबर न्या. आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात कडक गोल बिया खेळायला देऊ नका, घशात अडकतात.

डोंगरदऱ्या

ताई, हे सगळं खरं आहे आणि प्रत्येकाला माहीत हवं. पण अशी एकेक काळजी जोडत गेलं की शेवटी जंगल फक्त धोक्यांची यादी होऊन बसतं. गवतातून आल्यावर गोचीड आहे का बघायचं: गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे, केसांच्या कडेला. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. अंघोळ घालता घालता होणारं काम आहे. तेवढ्यासाठी जंगल सोडायचं का?

थंडीचंही तेच. तासभर आत जायचंच नाही. वीस मिनिटं आत, मुलाला खाली सोडायचं, चिखलात लोळू द्यायचं, परत फिरायचं. लांब जाणं आणि खूप चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकच सुट्टी

आतापर्यंत वाचत होते, आता राहवलं नाही. मी एकटी आहे, दोन मुलं आहेत, गाडी नाही, आठवड्याला एकच सुट्टी. तुमच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट गृहीत आहे: बाहेर पडायचंच. पानवेडींनी तर "दर सुट्टीला बाहेर पडाच" असं लिहिलंय. तो "पडाच" मला टोचला. शरदात उजेड थोडा उरतो म्हणून प्रत्येक रविवार वसूल करायचा, रंग जातील म्हणून धावायचं, हा ताण कुणी आणला? कधीकधी मुलांना दिवसभर जमिनीवर ठोकळे मांडून बसायचं असतं आणि मला आडवं व्हायचं असतं. तोही मुलांचा चांगला गेलेला दिवसच असतो.

पानवेडी

तुमचं म्हणणं मनापासून पटतं, आणि धाकटी मुलं एकट्याने सांभाळणाऱ्यावर आणखी एक काम लादावं असा हेतू मुळीच नव्हता. तरीही "पडाच" मी मागे घेणार नाही. कारण माझ्या मते बाहेर पडणं म्हणजे सहल नव्हेच. इमारतीखालच्या एका झाडापर्यंत पंधरा मिनिटं, ना पिशवी, ना बेत. त्या १८० मिनिटांतली थोडी तिथे होतात आणि तुम्हाला पण मोकळं आकाश मिळतं.

एकच सुट्टी

पंधरा मिनिटं म्हणता, पण दोघांचे बूट, मोजे, टोप्या शोधून दारापर्यंत पोचायलाच माझी वीस जातात. धाकटा पायरीवर बसून राहतो तो वेगळाच. आठवड्याच्या मधल्या दिवसांत शाळेतून येताना मात्र ते झाड वाटेतच आहे. बूट आधीच पायात असतात. तिथे थांबत जाईन. रविवार माझाच राहू द्या.

चाकावरचा बाबा

हे मात्र जमण्यासारखं आहे, आम्हीही येता-जाता थांबू. येत्या शनिवारी तरीही आम्ही डोंगराकडेच निघतोय. डोंगरदऱ्या, वीस मिनिटांचा एखादा सपाट रस्ता कसा निवडायचा, त्यावर वेगळं लिहाल का? आजींसाठी बाकाची सोयही त्यात धरा.