'हाऊस' सीझन ४ चा शेवट: अंबरला जागं करायला नको होतं

कृष्णाकाठ, सांगली
काल रात्री 'हाऊस' या डॉक्टरांवरच्या अमेरिकन सिरीयलचा चौथा सीझन संपवला. २००७-०८ चा आहे, तरी ज्यांना बघायचाय त्यांनी पुढं वाचू नका. बसचा अपघात होतो, त्यात असलेल्या डॉक्टर हाऊसला धड काही आठवत नाही, कोण मरायला टेकलंय एवढंच डोक्यात घोळतंय, ते आठवायला तो स्वतःच्या जिवाशी खेळतो आणि पहिल्या भागाच्या शेवटी कळतं की ती अंबर आहे, हाऊसचा जिगरी दोस्त डॉक्टर विल्सनची मैत्रीण. मी ताडकन उठून बसलो. इथपर्यंत एक नंबर. माझा वाद पुढच्या भागाशी आहे. वाचत नाही हे पक्कं झाल्यावर हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर बेशुद्ध असलेल्या पोरीला जागं करतात, निरोप घ्यायला. ती स्वतः डॉक्टर, तिला सगळं कळतंच. मग झोपेतच जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? ते तिच्यासाठी नव्हतं, विल्सनसाठी होतं, आणि सगळेजण त्याला प्रेम म्हणून रडतायत.

मिरजकरीण
अजिबात पटलं नाही. मी मिरजेत डायलिसिस विभागात सिस्टर आहे, रोज बघते. नातेवाईक दाराबाहेर गाठून सांगतात, 'सिस्टर, त्यांना काही कळू देऊ नका हां.' आणि आत पेशंटला सगळं माहीत असतं. एक आजोबा होते, घरच्यांनी शेवटपर्यंत लपवलं, आणि ते मशीनवर चार तास पडल्या पडल्या माझ्याकडून बँकेच्या फॉर्मवर वारसाचं नाव लिहून घेत होते, वर म्हणाले घरी बोलू नका, पोरं घाबरतील. दोन्हीकडून नाटक चाललेलं, आणि बोलायचं ते राहूनच गेलं. अंबरला निदान ती पाच मिनिटं मिळाली. ती चिडत नाही, शेवटची भावना रागाची नको म्हणते. हे तिला झोपेत म्हणता आलं असतं का?

सातारारोड
जागं करायचं का नाही ते राहूद्या, मला मरणाचं कारणच पटलं नाही. फ्लूसाठी अमँटाडिन घेतलं, अपघातात किडन्या गेल्या, औषध बाहेर पडेना, डायलिसिसनं पण निघेना, संपलं. माझं मेडिकल आहे म्हणून सांगतो, या औषधानं मृत्यू झाल्याची नोंद कमीत कमी १ ग्रॅमला आहे, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या. फ्लूला कोण एवढ्या घेतंय? लेखकांना तिला मारायचंच होतं, मग कारण शोधलं. त्यात तो सीझन २००७-०८ च्या हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळं १६ भागांवर आटपला, विल्सन-अंबरचं जुळलं तेच उशिरा, त्यांचा संसार नीट बघायला पण मिळाला नाही.

मिरजकरीण
डोसचं तुमचं मान्य, तिथं ताणलंय. पण डायलिसिसनं निघत नाही हे खरंच आहे. सिरीयलमध्ये औषध प्रोटीनला चिकटतं म्हणतात, तेवढंच कारण नाही, ते अंगभर पेशींमध्ये जाऊन बसतं, रक्तात थोडंसंच राहतं. मशीन फक्त रक्त साफ करतं हो. लोकांना वाटतं मशीन लावलं की सगळं विष निघालं, तसं नसतं, आणि हे मला दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजवावं लागतं. म्हणून तो सीन मला जास्त लागला. तिथं सगळी यंत्रं आहेत, एवढी हुशार माणसं उभी आहेत आणि कुणाच्याच हातात काही नाही.

कृष्णाकाठ
ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्या मामांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, किती महिने ते सुद्धा. धडधाकट माणूस, पहाटे उठून हळदीच्या रानात जाणारा. त्या संध्याकाळपासून ताटाला हात लावला नाही. मामी भाकरी कुस्करून दुधात घालून समोर बसायची आणि ते भिंतीकडं तोंड करून. आजारानं नेलं असतंच, पण आधी त्या बातमीनं नेलं. सगळ्यांना अंबरसारखं शांत राहता येत नाही. लेखकांनी तिला शांत दाखवली म्हणून जागं करणं बरोबर वाटतंय, ती घाबरून ओरडली असती तर?

विश्रामबाग
ओरडली असती तरी तो तिचा हक्क होता की. माझं मत थोडं वेगळं आहे, जागं करण्याआधी 'तिला काय आवडलं असतं' हे विल्सननं स्वतःला विचारायला पाहिजे होतं, कारण तो आधीपासून फक्त 'मी कसा राहू' यातच अडकलाय. तिला वाचवायला, हाऊसला अपघाताचं आठवावं म्हणून त्याच्या मेंदूत वायर घालायला पण हाच सांगतो, त्यात हाऊस कोमात जातो. आणि नंतर घरी उशीवर तिची चिठ्ठी सापडते, हाऊसला आणायला चाललेय म्हणून. त्या चिठ्ठीला मी रडले, हॉस्पिटलच्या सीनला नाही.

सातारारोड
चिठ्ठीचं एकदम बरोबर. तेवढ्यावर संपवलं असतं तरी चाललं असतं.

मिरजकरीण
@कृष्णाकाठ मामांचं वाचून वाईट वाटलं. पण सांगणं चूक का सांगायची पद्धत चूक? महिने मोजून दाखवायची काय गरज होती, आणि तेव्हा मामी शेजारी होत्या का? अंबरला जागी केली तेव्हा विल्सन तिला मिठीत घेऊन बसलाय, मशीन पण तोच बंद करतो. आमच्याकडं रिपोर्ट हातात देऊन माणसाला एकट्याला कॉरिडॉरमध्ये सोडतात.

कृष्णाकाठ
मामी बाहेर पैसे भरायच्या लायनीत होती. तरी मी म्हणेन, विचारून सांगा. ज्याला ऐकायचंय त्याला सांगा, नाही त्याला झोपू द्या. अंबरला कुणी विचारलं नव्हतं.