आगळाच्या जाहिरातीसाठी कोणते कीवर्ड ठेवावेत? (सल्ला हवा आहे)

रातांबा:
नमस्कार. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत सासूबाई कित्येक वर्षांपासून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुले आणि गोड अमृत कोकम करीत आल्या आहेत. गेल्या दिवाळीपासून मी त्यांतले फक्त आगळ ॲमेझॉनवर विकू लागले आहे. बाटली ७०० मिलीची आणि किंमत ३२० रुपये. माल, बाटली, खोका, कमिशन, वाहतूक आणि कर वजा जाता बाटलीमागे ८० रुपये उरतात, मात्र यात जाहिरातीचा खर्च धरलेला नाही.

जाहिरात एका सेवादाराकडून लावून घेतली. त्यांनी एकच ऑटो कॅम्पेन (ज्यात शब्द ॲमेझॉनच निवडते) सुरू केले, सरसकट एकच बोली, म्हणजे एका क्लिकसाठी द्यायची कमाल रक्कम, लावली आणि दोन महिने कशालाही हात लावू नका, असे बजावले. दोन महिन्यांत १,९०० क्लिक आले, सरासरी क्लिक ६ रुपयांना पडला, म्हणजे ११,४०० रुपये गेले. जाहिरातीतून ५५ बाटल्या खपल्या, म्हणजे १७,६०० रुपयांची विक्री झाली. एकॉस, म्हणजे जाहिरातीतून झालेल्या विक्रीच्या तुलनेत जाहिरातीचा खर्च, ६५ टक्के दिसतो. सेवादाराच्या मते बजेट वाढवले की तो आपोआप उतरेल.

काल प्रथमच सर्च टर्म रिपोर्ट, म्हणजे ग्राहकांनी काय शोधून क्लिक केले त्याचा अहवाल, स्वतः उतरवून घेतला. 'कोकम' या एकट्या शब्दावर ६४० क्लिक आणि १४ ऑर्डर आहेत. 'कोकम बटर' आणि त्याच्या भावंडांवर ४१२ क्लिक असून एकही ऑर्डर नाही. 'कोकम सिरप', 'कोकम सरबत' यांवर ३८० क्लिक आणि ९ ऑर्डर, 'आगळ' असलेल्या शोधांवर ९६ क्लिक आणि १३ ऑर्डर, 'सोलकढी'वर ७० क्लिक आणि ८ ऑर्डर आहेत. उरलेले ३०२ क्लिक फुटकळ असून त्यांतून ११ ऑर्डर मिळाल्या.

यांतले कोणते शब्द ठेवावेत, कोणते काढावेत आणि कीवर्ड शोधण्याचे एखादे सशुल्क साधन विकत घ्यावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस:
आपण आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बजेट मात्र तूर्त अजिबात वाढवू नका. ५५ बाटल्यांवर ८० रुपयांप्रमाणे ४,४०० रुपये सुटले आणि त्यासाठी ११,४०० रुपये मोजले गेले, म्हणजे ७,००० रुपये पदरचे गेले. बजेट दुप्पट केल्यास बहुधा हा खड्डाच दुप्पट होईल. आपल्या मालावर ३२० मागे ८०, म्हणजे २५ टक्के सुटतात, म्हणून एकॉस २५ टक्क्यांवर असेल तेव्हा जाहिरात ना नफा ना तोटा या रेषेवर येते.

खरी चूक शब्दांपेक्षाही सरसकट बोलीत आहे. एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यावे, याचे उत्तर प्रत्येक शब्दासाठी निराळे असते, आणि ते काढण्यासाठी बाटलीमागचे ८० रुपये भागिले एका ऑर्डरसाठी लागलेले क्लिक इतकेच गणित करावे लागते. 'आगळ'वर साधारण साडेसात क्लिकमागे एक ऑर्डर आली, म्हणून तिथे एक क्लिक पावणेअकरा रुपयांपर्यंत परवडतो. 'सोलकढी'वर पावणेनऊ क्लिक लागले, म्हणून नऊ रुपयांपर्यंत. 'कोकम'वर मात्र एका ऑर्डरसाठी जवळजवळ ४६ क्लिक लागले, तिथे पावणेदोन रुपयांच्या वर एक पैसाही परवडत नाही. सिरपचे तसेच, तिथे मर्यादा एक रुपया नव्वद पैशांची आहे. आपण सगळीकडे सहा मोजलेत, म्हणजे जिथे ग्राहक हमखास घेणारा होता तिथे हात आखडता राहिला आणि जिथे तो नुसता डोकावून जात होता तिथे सढळ हाताने उधळण झाली.

'आगळ' आणि 'सोलकढी' यांच्यासाठी वेगळे मॅन्युअल कॅम्पेन (ज्यात शब्द आपण निवडतो) करा आणि शब्द एक्झॅक्ट (नेमका तोच शोध) व फ्रेज (तो शब्द असलेला शोध) या दोन्ही प्रकारांनी घाला. बोली लगेच पावणेअकरावर नेऊ नका, कारण १३ ऑर्डर हा फार मोठा पुरावा नव्हे, शिवाय काही नफा उरायलाही हवा. साडेसात-आठपासून सुरुवात करा. बोलीचे धोरण 'फक्त खाली' असे ठेवा, म्हणजे ॲमेझॉन बोली आपणहून कमी करू शकते, वाढवू शकत नाही. 'वर आणि खाली' हा पर्याय निवडल्यास शोधाच्या पहिल्या पानावरच्या वरच्या जागांसाठी बोली दुपटीपर्यंत वाढू शकते, आणि नवख्याचे बजेट दुपारपर्यंतच संपते. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही लक्षात ठेवा. त्याचे क्रेडिट मिळत नसेल, तर सहा रुपयांचा क्लिक आपल्याला सात रुपये आठ पैशांना पडतो आणि वरचे सगळे आकडे त्या प्रमाणात खाली आणावे लागतात.

सोलांची बरणी:
हिशेब बरोबरच आहे, परंतु 'कोकम'वर एवढे क्लिक वाया का जातात, हे समजल्याशिवाय पुढचे शब्द सापडणार नाहीत. मी गोव्यातून सोलां, म्हणजे तुमची आमसुले, विकते. माझे पहिले वर्ष हेच शिकण्यात गेले.

'कोकम' असे शोधणारी माणसे निदान चार तऱ्हेची असतात. एकाला आमटीत किंवा माशाच्या कढीत घालायला वाळलेली साल हवी असते. गुजराती घरांत डाळीला कोकम लागते, तेही यांतच आले. दुसऱ्याला पाण्यात घालून लगेच पिता येईल असे गोड सरबत हवे असते. तिसऱ्याला बियांपासून निघणारे घट्ट तेल हवे असते, ज्याला आपण मुठेल म्हणतो आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात कोकम बटर म्हणतात. तो ग्राहक साबण आणि क्रीम करणारा असतो, त्याला तुमच्या बाटलीशी काही देणेघेणे नाही. सोलकढीसाठी खारवलेला रस हवा असलेला चौथा, तोच तुमचा. पण आगळ म्हणजे काय ते ठाऊक असलेला माणूस बहुधा 'आगळ' असेच लिहितो, म्हणून तिथले क्लिक वाया जात नाहीत.

म्हणून 'बटर', 'सोप', 'क्रीम', 'ऑइल', 'फेस', 'लिप' हे शब्द आजच निगेटिव्ह फ्रेज म्हणून घाला, म्हणजे ते असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. 'गार्सिनिया'ही घाला. कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असल्यामुळे विक्रेते तो शब्द हौसेने लिस्टिंगमध्ये, म्हणजे मालाच्या पानावर, टाकतात, आणि मग वजन उतरवण्याच्या गोळ्या शोधणारी मंडळी येऊन धडकतात. त्या गोळ्या प्रायः दुसऱ्या जातीच्या फळाच्या असतात, ज्याला केरळात कुडमपुळी म्हणतात. आपले कोकम आणि ती पुळी चुलत भावंडे खरी, पण ग्राहक एक नाही.

सशुल्क साधन तूर्त घेऊ नका. एवढ्या लहान मालाचे त्यांचे आकडे अंदाजाचे असतात असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी इतर आगळ विक्रेत्यांच्या पानांवरचे अभिप्राय आणि ग्राहकांचे प्रश्न बसून वाचा. तिथे लोक स्वतःच्या शब्दांत लिहितात. 'सोलकढी मिक्स', 'साखर नसलेले कोकम', 'कोकणी सरबत' असे शब्द मला तिथेच सापडले. शोधपट्टीत 'आगळ', 'कोकम', 'सोल' एवढे लिहून पुढे सुचणारे पर्यायही टिपून ठेवा, आणि ते इंग्रजी, हिंदी व मराठी अशा तिन्ही भाषांत पाहा. ॲमेझॉनचे दुकान २०२१ पासून मराठीतही आहे.

घाटावरचा:
एक सावधगिरी सुचवतो. सरबत शोधणाराही आपला ग्राहक नाही असे वरच्या चर्चेवरून वाटेल, पण म्हणून सरबताचे शब्द सरसकट निगेटिव्ह करू नयेत. उन्हाळ्यात सरबत शोधणाऱ्यांची संख्या किती वाढते, ते गूगल ट्रेंड्सवर गेल्या पाच वर्षांचा आलेख लावून पाहा. तो ग्राहक सोडून देणे म्हणजे मार्च ते मे दुकान अर्धे बंद ठेवण्यासारखे आहे.

सोलांची बरणी:
सोडून देऊ नये हे मान्य, पण त्याला आगळ दाखवू नये. सरबत शोधणाऱ्याला अमृत कोकम दाखवावे. रातांबाताईंच्या घरात ते तयार होतेच, फक्त लिस्टिंग नाही.

रातांबा:
आपल्या बोलण्यावरून एक गोष्ट उलगडली. आमच्या आगळाला तीन अभिप्राय एका ताऱ्याचे आहेत, आणि तिन्ही सिरप शोधून आलेल्या ग्राहकांचे असावेत. एकाने लिहिले आहे, 'अतिशय खारट, मुलांनी थुंकून टाकले.' सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'आगळ खारट नसात तर काय गोड असात?' मी मात्र शीर्षकात 'कोकम सिरप' हे शब्द स्वतःच्या हाताने घातले होते, जास्त लोकांना दिसावे म्हणून.

आता दोन शंका आहेत. ऑटो कॅम्पेन पूर्ण बंद करावे का? आणि एखाद्या शब्दावर किती क्लिक वाया गेल्यावर तो काढून टाकावा?

हिशेबनीस:
शीर्षकातून 'सिरप' आजच काढा. त्या शब्दाने क्लिकचे पैसे तर गेलेच, वर एका ताऱ्याचे अभिप्राय पदरात पडले, आणि ते पुढच्या प्रत्येक शब्दावरची विक्री कमी करीत राहतात.

ऑटो बंद करू नका, पण त्याचा आवाका कमी करा. त्यात चार गट असतात: जवळचे शोध, दूरचे शोध, पर्यायी वस्तू आणि पूरक वस्तू. चारहींना वेगळी बोली लावता येते. दूरच्या शोधांचा गट बंद करा, जवळच्यांना दीड-दोन रुपये ठेवा. नवे शब्द हुडकणे एवढेच आता या कॅम्पेनचे काम. पंधरवड्यातून एकदा अहवाल पाहायचा, ज्या शब्दावर दोन-तीन ऑर्डर आल्या तो मॅन्युअलमध्ये न्यायचा आणि ऑटोमध्ये निगेटिव्ह एक्झॅक्ट करायचा, म्हणजे एकाच शब्दाचा हिशेब दोन ठिकाणी विखुरत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत लोक घाई करतात. समजा, एखाद्या शब्दावर खरोखरच दर बारा क्लिकला सरासरी एक ऑर्डर मिळते. तरीही पहिल्या बारा क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता ३५ टक्के असते, म्हणजे तीनदा असे झाले तर एकदा निव्वळ नशिबाने हात रिकामा राहणार. चोवीस क्लिकनंतर ही शक्यता १२ टक्क्यांवर येते, छत्तीसनंतर ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी अपेक्षित क्लिकांच्या तिप्पट होईपर्यंत शब्द काढत नाही, बोली तेवढी पायरीपायरीने उतरवतो. शेवटच्या आठवड्याच्या आकड्यांवर तर निर्णय घेऊच नये, कारण विक्रेत्यांच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स जाहिरातींत क्लिकनंतर सात दिवसांपर्यंत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावे धरली जाते, आणि ताज्या क्लिकांच्या ऑर्डर अजून यायच्या असतात. उघड गैरलागू शब्दांना मात्र हा नियम नाही. 'कोकम बटर'चा पहिलाच क्लिक पुरेसा होता.

घाटावरचा:
शब्दांपलीकडचा एक मार्ग राहून गेला. प्रॉडक्ट टार्गेटिंग (शब्दांऐवजी दुसऱ्या वस्तूंची पाने निवडण्याची सोय) वापरून नारळाच्या दुधाचे डबे आणि नारळाच्या दुधाची पावडर यांच्या पानांवर आगळाची जाहिरात लावून पाहा. सोलकढीला दोन्ही लागतात. आधी सात-आठ पाने हाताने निवडा, सगळा वर्ग एकदम निवडलात तर बेकिंगवाल्यांच्या क्लिकचे पैसे भरत बसाल.

आणखी एक, ट्रेडमार्कचा अर्ज करून ठेवा. लहान उद्योगाला किंवा व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि सरबते व पेये ३२व्या वर्गात येतात. ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत (ट्रेडमार्कधारकांच्या नोंदवहीत) नोंद झाली की ग्राहक कोणत्या शब्दाने आपल्यापर्यंत आला, किती जणांनी पाहिले, किती जणांनी घेतले, याची माहिती ॲमेझॉनच स्वतःच्या आकड्यांनिशी देते, म्हणजे सशुल्क साधनाचा प्रश्नही मिटतो. भौगोलिक मानांकनाचा मात्र कीवर्ड म्हणून उपयोग होत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते मिळालेले आहे, पण शोधपट्टीत तसे कोणी लिहीत असल्याचे माझ्या अहवालांत दिसलेले नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतलीत, तर लिस्टिंगमधल्या चित्रावर त्याचा उल्लेख जरूर करा, घ्यावे की न घ्यावे अशा बेतात असलेल्या ग्राहकावर त्याचा परिणाम होतो.

रातांबा:
सर्वांचे आभार. आज शीर्षक बदलून 'कोकम आगळ, खारवलेला रस, साखर नाही, सोलकढीसाठी' असे केले आणि दुसऱ्या चित्रात वाटीभर सोलकढी व तिच्याशेजारी बाटली ठेवली. निगेटिव्ह शब्द घातले. आता शेवटची अडचण अशी की लिस्टिंगच्या आतल्या सर्च टर्मच्या रकान्यात (ग्राहकाला न दिसणारे शोधशब्द भरायच्या जागेत) मराठी, कोंकणी आणि कन्नड नावे घालायची होती, तर तो रकाना थोड्याच शब्दांत भरला.

सोलांची बरणी:
तिथली मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची (संगणकातल्या साठवणीच्या मापाची) आहे. भारतासाठी ती २०० बाइट आहे. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटचे, देवनागरीतले तीन बाइटचे, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. 'कोकम' रोमन लिपीत पाच बाइटमध्ये बसते, देवनागरीत त्याला बारा लागतात. म्हणून शीर्षकात आलेले शब्द त्या रकान्यात पुन्हा घालू नका. रोमन लिपीत यू घालून आणि ए घालून, अशी कोकमाची दोन्ही रूपे घाला, तसेच आगळाची एक एल आणि दोन एल असलेली रूपे, पुनरपुळी व भिरंड ही कोकमाची कन्नड व कोंकणी नावे, आणि सोलकढी. देवनागरीत फक्त 'आगळ' आणि 'सोलकढी' ठेवा. आमसूल तिथे नको, ते आमसुलांच्या लिस्टिंगसाठी राखून ठेवा.

रातांबा:
मोजून पाहिले. 'आगळ' नऊ बाइट, 'सोलकढी' अठरा. बाकी सगळे रोमन लिपीत घालूनही जागा उरली. अमृत कोकमाची लिस्टिंग या आठवड्यात करते आणि 'सिरप' तिकडे नेते. पंधरा दिवसांनी नवा अहवाल याच धाग्यावर टाकेन.